घाटंजीहून मिस्त्री आणायला गेलो, त्याची हकिकत

माझ्या कारखान्यातून माणूस सोडून गेला तर मी त्याच्या मागे जात नाही. मी स्वतः भात्याची साखळी ओढत या धंद्यात आलो. चौथीनंतर शाळा पाहिली नाही. आज कोल्हापुरात माझ्या ओतशाळेतून विहिरीवरची तेलाची इंजिनं बाहेर पडतात ती कुणाच्या मेहेरबानीने नाही. गेलेल्या माणसाची जागा आठवड्यात भरायची, आणि भरता येत नसेल तर ती जागाच मोडायची, ही माझी रीत.

इब्राहिम मिस्त्रीची जागा भरता आली नाही. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीचा. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये वाढलेला फिटर. तीन वर्षं माझ्याकडे होता. इंजिनाचं बेअरिंग तो शाई लावून, उंचवटे पाहून, घासून असं बसवायचा की हाताने चक्र फिरवलं तर ते आपोआप फिरत राहायचं. मी त्याला खोली दिली. कारखान्यातल्या जुन्या माणसांचा रोष पत्करून त्याला सगळ्यांच्या वर बसवलं. आणि दिवाळीच्या तोंडावर तो गावी निघून गेला. "एवढा एक सीझन करून येतो," हा निरोप ठेवला कुणाजवळ, तर कोपऱ्यावरच्या चहावाल्याजवळ! गेल्याचा राग एवढा नव्हता. चहावाल्याच्या तोंडून ऐकावं लागलं, त्याचा राग होता.

त्याच्या मागून दोघांना बसवून पाहिलं. सांगलीच्या व्यापाऱ्याकडून बेअरिंग जळालेली इंजिनं परत येऊ लागली. मृगाच्या आधी नवी इंजिनं गेली नाहीत तर तो व्यापारी दुसरीकडे जाणार होता, आणि तो गेला असता तर माझा अर्धा कारखाना बंद पडला असता. तेव्हा ऐन उन्हाळ्यात निघालो. महाराष्ट्राचं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, पण वऱ्हाड मी तोवर पाहिला नव्हता.

मूर्तिजापूर ते यवतमाळ

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसलो. ही गाडी कापसासाठी टाकलेली. माणसं तिच्यात सोयीने बसतात एवढंच. खिडकीतून हात बाहेर काढला तर बाभळीचे काटे लागतात. प्रत्येक काट्याला कापसाचा पुंजका अडकलेला. सीझनमध्ये गाड्या भरभरून गेल्या, त्यांच्यातून उडालेला. दोन्ही बाजूंनी काळी जमीन भेगाळून पडलेली आणि मधे हे पांढरे पुंजके. बाकी काही नाही. आमच्याकडे या दिवसांत नदीकाठी ऊस डोलत असतो. इथे मैलोगणती हिरवं पान दिसेना.

मी भेट म्हणून कोल्हापुरी गुळाची ढेप घेतली होती. दारव्ह्याला इंजिन पाणी घ्यायला थांबलं तेव्हा बघतो तर पिशवीतून गूळ पाझरून माझ्या कोटाच्या खिशात उतरलेला. समोर बसलेला एक शेतकरी बराच वेळ हे पाहत होता.

"काय जी, गूळ होये का?"

"होय."

"कोल्हापूरचा?"

"होय."

"मंग इकडं आनाचा तं तपेल्यात आनाचा ना बाप्पा! इथं आमी स्वताच वितळून राह्यलो."

डबा हसला. मला हसू आलं नाही. नंतर त्यानेच आपल्या तांब्यातलं पाणी देऊन माझे हात धुवायला लावले. त्या मुलखात पिण्याचं पाणी परक्याच्या हातावर ओतणं म्हणजे काय, हे मला चार दिवसांनी कळलं.

यवतमाळला उतरल्यावर टांगेवाल्याशी भाव करायला गेलो. आमच्याकडे टांगेवाला एक बोलतो, आपण निम्मं बोलायचं, पाठ फिरवायची आणि चार पावलांत त्याची हाक येते. मी पाठ फिरवली. हाक आली नाही. वळून पाहिलं तर तो घोड्याला पाणी दाखवत होता. "जाता का बसता, तुमची मर्जी जी," म्हणाला. त्याने सांगितलेल्या भावातच बसलो. मला ते बराच वेळ टोचत राहिलं.

घाटंजीच्या वाटेवर

घाटंजीची मोटार सागाच्या निष्पर्ण टेकड्यांतून जाते. माझ्या शेजारी रूपला नाईक बसले होते. घाटंजीजवळच्या एका बंजारा तांड्याचे हे नाईक. भलं मोठं पागोटं, कानात बाळ्या, मिशा पांढऱ्या. पलीकडे त्यांची बायको, दंडापर्यंत बांगड्या आणि आरशांची चोळी. ती दोघं आपसात गोरबोलीत बोलत आणि माझ्याशी मराठीत. मी कशासाठी आलो ते त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात काढून घेतलं.

"इब्राहिम मिस्त्रीले न्याले आले? आमचा कापूस त्याच्याच जिनात जाते. चांगला मानूस. न्या."

"त्या जिनचं काय चाललंय?"

"काय चालनार? आता लॉऱ्या झाल्या. कापूस सीधा यवतमाळले जाते. तिकडं बिजलीची जिन हाये. इथल्या शेठनं इकून टाकली, भंगारात." मग ते म्हणाले, "आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरत. रेल आली, बैलं रिकामे झाले. आमी जमिनीले चिकटलो. आता जिन रिकामी झाली. मिस्त्री कायले चिकटन?"

"माझ्या कारखान्याला," मी म्हणालो.

नाईक माझ्याकडे वळून म्हणाले, "न्या ना. पन त्याले जिन बंद करू द्या पयले. घाई नका करू."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, कापूस संपेपर्यंत थांबा म्हणत असतील.

घाटंजी

वाघाडी नदीच्या पात्रात नावाला पाणी होतं. जिनिंगचं आवार गावाच्या टोकाला. पत्र्याची लांब शेड, मागे धुराडं, धुराड्यातून धूर नाही. आत जिनांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, दोन ओळी. त्यातल्या एका जिनच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून इब्राहिम बसला होता.

कोल्हापुरापासून मी शिव्या जुळवत आलो होतो. त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि शेजारच्या गल्लीतून कोणी यावं तसं म्हणाला, "या मालक. बसा. पानी घ्या."

"तुला लाज वाटते का?"

"वाटते ना जी. मनूनच सांगून नाई गेलो. सांगाले आलो असतो तं तुमी जाऊ देल्लं नसतं."

हे खरं होतं. त्यामुळे शिव्या तशाच राहिल्या.

मी म्हटलं, "आता चल. सामान बांध. वर्षाची बढती आजपासून धर."

तो म्हणाला, "येतो ना. बायकोलेबी घेऊन येतो यंदा. एवढी जिन बंद करतो अन् येतो."

इतक्या सहज हो म्हणणाऱ्या माणसाशी काय भाव करायचा? मी मनात म्हटलं, ही खेप फत्ते झाली.

रात्री त्याच्याच घरी जेवलो. आमच्या भावकीत हे कळलं तर नाकं मुरडतील, मुरडोत. ज्वारीची भाकर, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कैरी-कांद्याची चटणी आणि सुकं मटण. तिखट आमच्यासारखंच, पण आमच्याकडे रस्सा पातळ असतो. इथे पाण्याची कंजुषी जेवणातही दिसते. इब्राहिमची बायको हमीदाभाभी दाराआडून विचारत होती.

"तिथं नळाले रोज पानी येते मनते, खरं काय भाऊ?"

"रोज येतं. आणि नदी आहे, उन्हाळ्यातही वाहते."

"उन्हाळ्यातबी?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अन् तुमी मले इतके साल इथं ठेवलं!"

इब्राहिम हसला. त्या प्रवासात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

बंद करण्याची रीत

दुसऱ्या दिवशी मला कळलं की जिन बंद करणं म्हणजे काय.

सीझन संपला की मिस्त्रीने प्रत्येक जिन स्वतःच्या हाताने खोलायची. पाती काढायची, चामड्याचा रोलर पुसायचा, खाचांतली सरकीची पूड काढायची, सगळ्या लोखंडाला ग्रीस आणि तेलाचा हात द्यायचा, म्हणजे पावसाळ्यात गंज चढत नाही. वरून गोणपाट गुंडाळायचं. आणि शेवटी, त्या जिनमधून सीझनचा जो अखेरचा कापूस निघाला त्यातला मूठभर तिच्या दांड्याला बांधायचा. दिवाळीनंतर जिन उघडताना पहिल्यांदा तोच कापूस तिला भरवतात, मग नवा. हे काम मिस्त्री दुसऱ्या कुणाला करू देत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला आम्ही हत्यारांना गंध-फूल वाहतो, पण त्याला तासाभराचा वेळ पुरतो. इथे एका माणसाला एक जिन म्हणजे बराचसा दिवस.

आणि या जिन दिवाळीला उघडणार नव्हत्या! भंगारवाल्याशी सौदा झाला होता. महिनाअखेरीला तो येणार आणि घणाने फोडून नेणार. हे इब्राहिमला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी तो गोणपाटाच्या टोकाला सुतळी आवळून गाठ मारत होता, कापूस बांधत होता.

पहिले दोन दिवस मी शेडमध्ये बसून राहिलो. पत्रा असा तापायचा की वरून कावळा उठून जायचा. सीझनला जिनवर कापूस भरणाऱ्या बाया अधूनमधून येऊन दारात बसत, इब्राहिमकडे पाहत आणि जात. इब्राहिमशिवाय कुणी काम करत नव्हतं. घरात आजारी माणूस असावा तसं ते आवार.

तिसऱ्या दिवशी मी फुटलो.

"अरे, भंगारात जाणाऱ्या लोखंडाला ग्रीस कसलं फासतोस? तिकडे माझी इंजिनं उघडी पडलीत!"

त्याने हात थांबवला नाही. "मालक, जिन माह्या बापानं बसवली. तो होता तवर दर साल त्यानंच बंद केली. यंदा उघडी टाकून जाऊ?"

"तुझा बाप येऊन बघणार आहे का?"

"नाई. मी पायतो ना."

"आणखी किती दिवस?"

"दुसरी ओळ हाये अजून," एवढंच तो म्हणाला.

मी कारखाना चालवणारा माणूस आहे. माझ्या हिशेबात त्याचे हात इथे वाया जात होते आणि तिकडे त्या हातांवाचून माझी पन्नास माणसं बसून होती. यात कुणाचं काय चुकत होतं, मला अजूनही दिसत नाही. मी थेट जिनवाल्या शेठकडे गेलो.

शेठचा मुक्काम यवतमाळला हलायच्या बेतात होता. ओसरीवर सामान बांधलेलं. मी सांगितलं, भंगारवाल्याला महिनाअखेरपर्यंत कशाला थांबवता? पावसाआधी माल हलला तर तुमचंच बरं. त्याला आजच तार करा. शेठला ते पटलं. त्यांनी नागपूरला तार केली, आणि मिस्त्रीचा हिशेबही लगेच करून टाकतो म्हणाले. सौदा कुणाच्याही खिशाला न लागता झाला. असे सौदे मला नेहमी आवडत आले आहेत.

घण

तार गेल्यापासून तिसऱ्या दिवशी लॉरी आली. नागपूरकडची माणसं, उघडी अंगं, लांब दांड्याचे घण. त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. गोणपाट सुरीने फाडलं, दांड्याचा कापूस ओढून घाम पुसला आणि घण मारला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एका घावात तडकायला हवं. पण घण तेलकट अंगावरून घसरला आणि मारणाऱ्याच्या नडगीला लागता लागता राहिला.

"कोन्या येड्यानं तेल फासलं याले?" तो ओरडला.

इब्राहिम दुसऱ्या ओळीत होता. तो उठला नाही. पहिल्या ओळीत घण पडत होते आणि हा दुसऱ्या ओळीत फडकं फिरवत होता, गोणपाट बांधत होता. पहिली ओळ संपत आली तशी त्याने घाई केली नाही आणि हातही आखडता घेतला नाही. दारात बाया जमल्या होत्या. रूपला नाईक त्यांच्या मागे उभे होते. एक म्हातारी "बाप्पा, बाप्पा" म्हणत पदर तोंडावर धरून खाली बसली. मी लोखंड फुटताना आयुष्यभर पाहत आलो आहे. ओतशाळेत फुटकं बीडच भट्टीत जातं. तो आवाज मला नवा नव्हता. पण त्या दिवशी मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

घणवाले त्याच्याजवळ पोचले तेव्हा इब्राहिमने फडकं खाली ठेवलं आणि बाजूला झाला.

तेवढ्यात शेठ आले. ते मोठ्या खुशीत म्हणाले, "मिस्त्री, हे कोल्हापूरचे साहेब बोलले म्हणून काम लवकर उरकलं. तुले मोकळं करायचं होतं ना त्यायले."

इब्राहिमने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला लपवायचं काही नव्हतं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. उद्याची गाडी धरू, म्हटलं.

"मी कोल्हापूरले येत नाई जी," तो म्हणाला. "भिलाईले जातो. आमच्या आळीतले दोघं हायेत तिथं. लोखंडाच्या कारखान्यात."

"तिथं तुला फिटर म्हणून घेणार?"

"खलाशी मनून."

"खलाशी! म्हणजे हमालासारखी ओझी उचलणार? तू?" माझा आवाज गल्लीभर गेला असेल. "माझ्याकडे सगळ्यांच्या वर बसतोस ते सोडून? माझ्यावर राग धरून स्वतःचं नुकसान करून घेतोस?"

"राग नाई मालक." तो खरंच रागात नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमच्याइथं मी इंजिन बसवीन. जीव लावीन. मंग एका दिवशी तुमीच नाईतर तुमचे पोरं ते इकतीन, नवं काई येईन. मले ते पुन्हा पायनं नाई. भिलाईत काय हाये, लोखंड उचलाचं अन् टाकाचं. ते वितळलं काय, फुटलं काय, माह्यं काई जात नाई."

मी भाव वाढवला. पुन्हा वाढवला. घर मोठं देतो म्हटलं. तो ऐकत होता, जसं आपण पाहुण्याचं ऐकतो. शेवटी दाराआडून हमीदाभाभी बोलली. नळाचं पाणी विचारणारी ती हीच बाई, पण आवाज तो नव्हता.

"चार दिवस दम धरला असता तं काय गेलं असतं, भाऊ?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. माझी इंजिनं, सांगलीचा व्यापारी, मृग. सगळं खरं होतं. पण मी उठून चपला घातल्या. भिलाईत खोली मिळेपर्यंत ती घाटंजीतच राहणार होती.

धामणगाव

दोघांनाही मोठी गाडी धामणगावलाच धरायची होती, म्हणून एकाच मोटारीने निघालो. एका बाकावर बसून बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी वाटेत दोनदा विषय काढला. तो म्हणायचा, "राहू द्या जी." उतरलो तेव्हा त्याने भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली. ठेचा होता सोबत. मी खाल्ली.

त्याची नागपूरकडची गाडी आधी आली. दोनच मिनिटं थांबते. गर्दीतून तो कसाबसा आत शिरला आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, "मालक, तेवढी पेटी द्या."

त्याची पत्र्याची पेटी फलाटावर होती. फिटरची पेटी मला नवी नाही. कानशी, हातोडे, छिन्न्या, पाने असतात तिच्यात. एका हाताने उचलायला जाल तर खांदा निखळतो. मी दोन्ही पाय रोवून, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी कडी धरली आणि जोर लावला.

पेटी चटकन वर आली. माझाच तोल गेला. आत फार तर दोन कपडे आणि एक चादर असेल.

मी ती एका हाताने खिडकीतून आत दिली.